सही कोणाची, देणें कोणाचें?

गेल्या गणपतीच्या दिवसांत आमचा धाकटा पुतण्या चार दिवसांची रजा काढून घरीं आला होता. महसूल खात्यांत तहसीलदार म्हणून लागून त्यास पुरतीं दोन वर्षेंही झालेलीं नाहींत. घरांतील मुलगा अधिकारी झाला म्हणजे वडील माणसांची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टि थोडीशी बदलते. त्याच्या पानांत एक मोदक जास्तच पडतो. परंतु जेवणें आटोपल्यावर तो माझ्यापाशीं ओसरीवर येऊन बसला, तेव्हां त्याच्या मुद्रेवर अधिकाराचें तेज नव्हतें, चिंता होती.

झालें होतें तें असें. त्याच्या तालुक्याच्या गांवीं एका वाचनालयानें व्याख्यानमाला ठरविली होती. त्यांतील एक वक्ते गांवच्या पाणीपुरवठ्याच्या हिशेबांवर बोलणार होते. वरिष्ठांचा टेलिफोन आला कीं, त्या व्याख्यानास मनाई करावी आणि कारण म्हणून ‘शांतताभंगाचा संभव’ लिहावा. तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी असल्यामुळें मनाई हुकुमावर सही पडावयाची ती पुतण्याची. वरिष्ठांचें सांगणें लेखी नव्हतें, आणि शांतताभंग होईल असें मानावयास त्याच्यापुढें कसलाही पुरावा नव्हता.

“काका,” तो म्हणाला, “उद्यां कोणी हायकोर्टांत गेलें आणि हुकूम बेकायदेशीर ठरला, तर त्याचें देणें कोणाचें? माझें, साहेबांचें, कीं सरकारचें?”

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे अडीचशें वर्षें मागें जावें लागतें. त्या रात्रीं मीं त्यास जें सांगितलें, तेंच आज वाचकांपुढें थोडें व्यवस्थित मांडतों. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एक मुलगा लिहिणारा-बोलणारा आणि दुसरा सरकारी कागदावर सही करणारा, अशी स्थिति आहे. हा प्रश्न दोघांचाही आहे.

१७६३ सालीं इंग्लंडांत तिसऱ्या जॉर्जचें राज्य होतें. सात वर्षांचें युद्ध संपून पॅरिसचा तह झाला होता आणि त्या तहाची प्रशंसा करणारें राजाचें भाषण पार्लमेंटांत झालें होतें. जॉन विल्क्स नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदाचें ‘नॉर्थ ब्रिटन’ म्हणून एक साप्ताहिक निघे. ता. २३ एप्रिलच्या ४५ व्या अंकांत त्या भाषणावर झणझणीत टीका आली. प्रधानमंडळ चिडलें. लॉर्ड हॅलिफॅक्स ह्या मंत्र्यानें एक वॉरंट काढलें. लेखक, मुद्रक व प्रकाशक यांस त्यांच्या कागदपत्रांसह पकडून आणावें, असें त्यांत लिहिलें होतें. नांव मात्र एकाचेंही नव्हतें. ह्या निनांवी वॉरंटाच्या जोरावर ४९ माणसें पकडलीं गेलीं. स्वतः विल्क्स लंडनच्या टॉवरमध्यें डांबला गेला.

विल्क्स हा कांहीं साधुपुरुष नव्हता. त्याचें खासगी वर्तन आपल्या घरांत सांगण्याजोगें नाहीं. परंतु त्यानें आणि पकडल्या गेलेल्या कामगारांनीं जें केलें, तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यांनीं राजावर किंवा राज्यावर फिर्याद केली नाहीं. ज्या शिपायानें हात धरला त्याच्यावर, ज्या चिटणिसानें कपाटें फोडविलीं त्याच्यावर, आणि ज्या मंत्र्यानें सही केली त्याच्यावर, त्यांनीं नांवानिशीं दिवाणी दावे लावले.

हकल नांवाचा एक साधा छापखाना-कामगार होता. तो अंक त्याच्या मालकाच्या छापखान्यांत छापलेलाही नव्हता. त्यास सुमारें सहा तास अडकवून ठेवलें. त्या वेळांत त्यास चांगलें खाऊंपिऊं घालण्यांत आलें. एवढ्याशा गोष्टीची भरपाई ती काय असावयाची, असें सरकारपक्षास वाटलें. हकलची मजुरी आठवड्यास एक गिनी होती. पंचांनीं त्यास ३०० पौंड देवविले. म्हणजे सुमारें साडेपांच वर्षांची मजुरी! रक्कम भलतीच आहे, पुन्हां खटला चालवा, अशी विनंति झाली. मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनीं ती मानली नाहीं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, मोजावयाचें तें कामगाराचें किरकोळ दुःख नसून सत्तेचा केवढा अतिक्रम झाला तें होय. विल्क्सला चिटणीस वुड यांच्याकडून १,००० पौंड, आणि पुढें १७६९ सालीं खुद्द हॅलिफॅक्स यांच्याकडून ४,००० पौंड मिळाले. ‘मॉनिटर’ नांवाच्या दुसऱ्या पत्राचा लेखक एंटिक याच्या घराची अशीच झडती झाली होती. त्याच्या खटल्यांत १७६५ सालीं कोर्टानें ठरविलें कीं, राज्याची गरज ही सबब कायद्याची जागा घेऊं शकत नाहीं. वरून हुकूम आला म्हणून शिपायाची सुटका झाली नाहीं, आणि हात आपला नव्हता म्हणून मंत्र्याचीही झाली नाहीं.

आतां ह्या गोष्टीचा कमी सुंदर भागही सांगितला पाहिजे. दाव्यांच्या रकमा अखेरीस सरकारी तिजोरींतूनच भरल्या गेल्या; कोणा मंत्र्यास घर विकावें लागलें नाहीं. तरी एक गोष्ट घडली. प्रत्येक निकालावर सत्तेच्या एकेका सेवकाचें नांव लागलें, आणि १७६६ सालीं पार्लमेंटच्या कनिष्ठ सभेनें असलीं निनांवी वॉरंटें बेकायदेशीर असल्याचा ठराव केला.

अमेरिकेंत ह्याच तत्त्वाचा लेखी कायदा झाला. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील संस्थानांत मुक्त झालेल्या काळ्या नागरिकांवर कु क्लक्स क्लॅन ही टोळी अत्याचार करी आणि स्थानिक अंमलदार डोळेझांक करीत. म्हणून १८७१ सालीं असें ठरलें कीं, संस्थानच्या सत्तेच्या आवरणाखालीं जो कोणी दुसऱ्याचा घटनादत्त हक्क हिरावून घेईल, तो त्या माणसास स्वतः देणेंदार होईल. हें कलम पुष्कळ वर्षें निजून होतें. १९६१ च्या सुमारास सुप्रीम कोर्टानें तें जागें केलें. परंतु जागें होतांच त्यास वेसणही पडली. त्या वेसणीची कथा आपल्या विषयाच्या अगदीं जवळची आहे.

अर्नेस्ट फिट्झजेराल्ड हे अमेरिकन विमानदळाच्या खात्यांतील खर्चाची छाननी करणारे मुलकी अधिकारी. सी-५ए जातीच्या प्रचंड मालवाहू विमानांचा खर्च अंदाजाबाहेर सुमारें २ अब्ज डॉलरांनीं वाढूं शकतो, हें त्यांनीं नोव्हेंबर १९६८ मध्यें कायदेमंडळाच्या समितीपुढें खरें तेंच सांगितलें. पुढें खात्याच्या पुनर्रचनेच्या नांवाखालीं त्यांची जागाच नाहींशी झाली. सत्य बोलल्याचें हें फळ, म्हणून त्यांनीं अध्यक्ष निक्सन व त्यांचे साहाय्यक यांच्यावर दावा लावला. १९८२ सालीं सुप्रीम कोर्टाच्या ९ पैकीं ५ न्यायाधीशांनीं अध्यक्षांस अधिकाराच्या कक्षेंतील कृत्यांबद्दल पूर्ण संरक्षण दिलें. साहाय्यकांस मात्र अपुरें संरक्षण मिळालें: समंजस माणसास ठाऊक असावयासच पाहिजे, इतका स्पष्ट ठरलेला हक्क त्यांनीं मोडला असेल, तर ते जबाबदार, तो हक्क संदिग्ध असेल, तर ते मोकळे. हा कस दिसावयास शहाणपणाचा आहे. पण तेथील कोर्टें पुढें ‘स्पष्ट’ ह्या शब्दाचा अर्थ इतका काटेकोर करूं लागलीं कीं, तंतोतंत तसाच जुना निकाल दाखविल्याविना फिर्यादीचें पुष्कळदां कांहीं चालत नाहीं.

“तें इंग्लंड-अमेरिका राहूं द्या,” पुतण्या म्हणाला. “आपल्याकडे काय?”

आपल्याकडे घटनेचें १९ वें कलम २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक नागरिकास भाषणाचें व विचारप्रकटनाचें स्वातंत्र्य देतें, आणि त्यावर घालावयाचे वाजवी निर्बंधही सांगतें. तें मोडणाऱ्यानें काय द्यावें, हें मात्र घटनेंत लिहिलेलें नाहीं. तें आपल्या सुप्रीम कोर्टानें हळूहळू रचलें. बिहारमध्यें रुदल शाह नांवाचा मनुष्य निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत होता. १९८३ सालीं कोर्टानें सरकारकडून त्यास ३०,००० रुपये देवविले, आणि मूलभूत हक्क मोडल्याबद्दल पैशाची भरपाई मिळूं शकते हें तत्त्व रुजलें. १९८५ सालीं काश्मीरचे आमदार भीम सिंग यांस विधानसभेंत जातां येऊं नये अशा रीतीनें वाटेंतच अटक झाली. त्यांस ५०,००० रुपये मिळाले. आमदारास सभेंत जाऊं न देणें म्हणजे त्याचें तोंडच बांधणें.

अलीकडचें उदाहरण बंगालचें. ‘भविष्यतेर भूत’ नांवाचा विनोदी बंगाली चित्रपट परीक्षण मंडळाचा दाखला घेऊन फेब्रुवारी २०१९ मध्यें लागला, आणि एका दिवसांतच बहुतेक चित्रगृहांतून नाहींसा झाला. बंदीचा हुकूम कोठेंच नव्हता. पोलिसांकडून चित्रगृहांस सूचना गेल्या होत्या. ता. ११ एप्रिल २०१९ रोजीं सुप्रीम कोर्टानें निर्माते व चित्रगृहांचे मालक यांस २० लाख रुपये भरपाई आणि १ लाख रुपये खर्च देण्यास शासनास सांगितलें. भाषणस्वातंत्र्य मोडल्याबद्दल एवढी रक्कम देवविणारा हा निकाल महत्त्वाचा खरा. पण ते २१ लाख कोणाचे? ते बंगालच्या करदात्यांचे. ज्यांचा चित्रपट पाहण्याचा हक्क गेला, त्यांच्याच खिशांतून त्या हक्काची किंमत गेली.

आपल्या महाराष्ट्रांतीलही एक प्रसंग वाचकांस आठवत असेल. ता. १८ नोव्हेंबर २०१२ रोजीं, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशीं, मुंबईचे व्यवहार बंद होते. पालघरच्या एका तरुणीनें त्या बंदविषयीं शंका दाखविणारे चार शब्द फेसबुकवर लिहिले. दुसरीनें त्यांस पसंतीची खूण केली. एवढ्यावरून दोघींस अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावानें मोडतोड केली. दोघी जामिनावर सुटल्या, पुढें खटलाही बंद झाला. चौकशी होऊन पोलीस अधीक्षक व एक वरिष्ठ निरीक्षक त्याच महिन्यांत निलंबित झाले. सरकारनें तत्परता दाखविली हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु निलंबन ही धनी आणि नोकर यांच्यामधील बाब आहे. जिचा हक्क गेला, तिचें देणें त्यानें फिटत नाहीं.

त्या अटकेनंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीनें सुप्रीम कोर्टांत अर्ज केला, आणि ता. २४ मार्च २०१५ रोजीं माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलमच घटनाबाह्य ठरलें. येथें गोष्ट संपावयास पाहिजे होती. ती संपली नाहीं. मेलेल्या कलमाखालीं गुन्हे नोंदले जातच राहिले; शेवटीं ता. १२ ऑक्टोबर २०२२ रोजीं कोर्टास पुन्हां सांगावें लागलें कीं, ह्या कलमाखालीं कोणाही नागरिकावर खटला चालवितां येणार नाहीं. साडेसात वर्षें! ज्या ठाणेदारानें २०२० सालीं ते आंकडे कागदावर लिहिले, त्याची सबब काय? कायदा संदिग्ध होता, असें त्यास म्हणतां येईल काय?

“पण काका,” पुतण्या मध्येंच म्हणाला, “रात्रीं दहा वाजतां दोन जमाव समोरासमोर उभे असतात. विचारास पांच मिनिटें असतात. प्रत्येक सहीबरोबर घर गहाण पडणार असेल, तर सही कोण करील? सगळे फाइल वर सरकवीत बसतील.”

हा आक्षेप मला खरा वाटतो. भ्यालेला अधिकारी हा जुलमी अधिकाऱ्याइतकाच लोकांच्या उपयोगाचा नसतो. प्रामाणिक चुकीस आसरा असलाच पाहिजे. म्हणूनच सरकारी कामाच्या ओघांत घडलेल्या कृत्याबद्दल फौजदारी खटला भरण्यापूर्वीं सरकारची मंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रियेचें तें १९७ वें कलम. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या संहितेंत तें २१८ वें आहे. नव्या कलमांत एक सुधारणा झाली: १२० दिवसांत सरकारनें निर्णय दिला नाहीं, तर मंजुरी मिळाली असें समजावयाचें. मंजुरी वर्षानुवर्षें दाबून ठेवण्याची जुनी युक्ति त्यामुळें अवघड झाली आहे.

आणि जमावाच्या भीतीसंबंधींही कोर्टानें वाट दाखविलेली आहे. १९८९ सालीं एका तामिळ चित्रपटाच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, चिडलेल्या लोकांस आंवरतां येत नाहीं ही सबब सरकारास चालणार नाहीं. बोलणाऱ्याचें रक्षण करणें हेंच सरकारचें कर्तव्य. दोन जमाव समोर उभे असतील तर पांच मिनिटांतील चूक क्षम्य. पण पंधरा दिवस आधीं, पुराव्यावांचून, टेलिफोनवरून ठरविलेली मनाई ही चूकच नव्हे. ती योजना आहे.

इतका वेळ माझी वडील बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणतों, वाती वळीत ऐकत होती. पन्नास वर्षें तिनें ह्या घराचा सामाईक खर्च पाहिला आहे. ती म्हणाली, “तुमच्या कोर्टांचें मला कळत नाहीं. पण आपल्या घरांतल्या पोरानें शेजारणीचा हंडा फोडला, तर तिनें काय आपल्या दारांत न्याय होईपर्यंत तहानेलें बसावें? तिला नवा हंडा त्याच दिवशीं घरच्या पैशांतून द्यावा. मग पोराकडे वळावें. पाय घसरून फुटला असेल, तर पुढें जपून चाल म्हणावें. दगड मारून फोडला असेल, तर त्याच्या खाऊच्या पैशांतून वसूल करावा. आणि थोरल्यानें धाकट्यास चिथावून फोडविला असेल, तर आधीं थोरल्याचा.”

मला वाटतें, अक्कानें सगळा निकालच देऊन टाकला. मुलानें कांहीं करावें आणि किंमत सामाईक डब्यांतून जावी, असें चालूं राहिलें तर हंडे फुटतच राहतात आणि सुनांच्या वांट्याचें तूप कमी होतें. परंतु शेजारणीस ‘मुलाकडून वसूल करून घे’ म्हणणेंही बरोबर नाहीं. एकट्या नागरिकानें अधिकाऱ्याचा पगार शोधीत फिरावें, हा न्याय नव्हे. आधीं सरकारनें द्यावें. मग सरकारनें हिशेब करावा.

हें नुसतें घरगुती शहाणपण नाहीं. लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें नेमकें असेंच सांगितलें. तें प्रकरण घराचा ताबा न मिळाल्याचें, भाषणाचें नव्हे. निकाल १९९३ च्या अखेरीस झाला. छळाबद्दल भरपाई द्यावयाची ती लोकांच्या करांतून, म्हणून जबाबदार अधिकारी कोण तें ठरवून त्यांच्याकडून ती वसूल करावी, असा त्यांत आदेश होता. मार्ग आहे, भाषणाच्या प्रकरणांत तो क्वचितच चालला जातो. नागरिकास भरपाई मिळाली कीं वर्तमानपत्रांतील चर्चा थांबते, आणि वसुलीचा कागद कोणी विचारीत नाहीं.

माझ्या मतें नियम एवढाच असावा. जेथें कायदा खरोखर संदिग्ध, किंवा क्षण खरोखर संकटाचा, तेथें अधिकाऱ्यास क्षमा. जेथें कायदा स्पष्ट आणि वेळ भरपूर, तेथें सही करणाराच देणेंदार. आणि जेथें सही एकाची व इच्छा दुसऱ्याची, तेथें दोघेही. हॅलिफॅक्सच्या शिपायाबरोबर हॅलिफॅक्सही कोर्टांत उभा राहिला, तेव्हांच त्या निनांवी वॉरंटांचा शेवट झाला.

आपल्या आजोबांच्या पिढीनें १९१० च्या प्रेस ॲक्टाखालीं छापखान्यांकडून जामीन मागणारे मॅजिस्ट्रेट पाहिले. जामीन नेहमीं लिहिणाऱ्यानें द्यावयाचा. मुस्कटदाबी करणाऱ्याकडून कोणी जामीन घेत नसे. तें राज्य गेलें. पण आपल्या मुलाच्या हातीं तोच शिक्का आला असतां तो जुन्याच रीतीनें वापरला जाणार असेल, तर दोष परकीयांस देण्याची सोय आतां उरलेली नाहीं.

पुतण्यानें मग मला विचारलें, “मी करूं काय?” मीं म्हटलें, “साहेबांस नम्रपणें पत्र लिही. मनाईचीं कारणें व आधार लेखी कळवावे, म्हणजे हुकूम काढतां येईल, एवढेंच.” त्याची आई दारांत उभी होती. तिचा चेहरा उतरला. मुलाची नोकरी नवी, बदली दूरची होऊं शकते, लग्न ठरावयाचें आहे. आईचें भय खोटें नव्हतें, आणि मींही तें खोटें म्हटलें नाहीं. पत्र मात्र त्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आरतीपूर्वींच लिहिलें.

लेखी उत्तर आलें नाहीं. व्याख्यान ठरल्या दिवशीं झालें. साठ-सत्तर माणसें आलीं, आणि नऊ वाजतां आपापल्या घरीं गेलीं. बदलीचा हुकूम अजून तरी आलेला नाहीं. आला, तर वाचकांस कळवीनच.

ज्यांचीं मुलें सरकारी नोकरींत आहेत, त्यांस माझी एवढीच विनंति आहे. त्यांच्या पगाराची, बढतीची चौकशी आपण प्रत्येक पत्रांत करतों. कधींतरी हेंही विचारावें कीं, बाबा, ह्या महिन्यांत न पटलेल्या कागदावर सही करावी लागली काय? घरांत हा प्रश्न विचारणारें माणूस आहे, एवढें जरी त्यास ठाऊक असलें, तरी टेलिफोनवरचा हुकूम लेखी मागण्याचें धैर्य त्यास येतें.